खडकाला चिकटलेली कालवे 'प्राणी' कशी?

प्रश्न:
रत्नागिरीजवळच्या एका किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी खडकांना चिकटलेली कालवे आणि पाय सोलवटून टाकणारी, पांढऱ्या शंकूसारखी बार्नेकल पाहून माझ्या मुलीने विचारले, की प्राणी जागा बदलतात असे पुस्तकात असेल, तर हे जीव प्राण्यांत का मोजायचे? मला समाधानकारक उत्तर देता आले नाही.

प्रतिसाद १:
आपण पाहिले ते त्यांचे उत्तरायुष्य; लहानपणी हे जीवही जागा बदलतात. बार्नेकलचे पिल्लू पाण्यात मुक्तपणे पोहते आणि अनेकदा कात टाकून शेवटी 'सायप्रिड' या अवस्थेला पोहोचते. सायप्रिड काहीच खात नाही. साठवलेल्या चरबीवर जगत ते स्पर्शिकांच्या आधाराने खडकावर अक्षरशः चालून जागा पारखते आणि पसंत पडली की डोक्याकडून स्वतःला कायमचे चिकटवून घेते. पुढे ते जन्मभर डोके खाली ठेवून पायांनी अन्न गोळा करते. शिंपल्यासारख्या कवचामुळे याला पूर्वी मृदुकाय (कालव-गोगलगायींच्या गटातला, मऊ शरीराचा प्राणी) मानत. १८३० मध्ये जॉन व्हॉन थॉम्पसन यांनी त्याची पिल्ले पाहून तो खेकड्यांचा नातलग असल्याचे दाखवले.

प्रतिसाद २:
एका जागी राहणे परवडते, कारण अन्नच त्यांच्याकडे येते. भरतीचे पाणी सूक्ष्म जीव घेऊन येते. कालव कल्ल्यांवरील बारीक केसांच्या हालचालीने ते पाणी आत ओढते आणि गाळते. हवेत असे तरंगते अन्न फारच विरळ असते, शिवाय ती शरीर सुकवते. म्हणून जमिनीवर असे प्राणी जवळजवळ नाहीत. जोडीदाराचा प्रश्नही पाणीच सोडवते, कारण कालवे अंडी आणि शुक्राणू पाण्यातच सोडतात. बार्नेकलला मात्र जोडीदार अगदी शेजारीच लागतो, आणि म्हणूनच सायप्रिड आपल्या जातीच्या प्रौढांचा रासायनिक माग काढत त्यांच्याजवळच मुक्काम ठोकते.

प्रतिसाद ३:
एक दुरुस्ती सुचवतो. चिकटलेला प्रत्येक प्राणी अचल नसतो. समुद्रफूल (फुलासारखा दिसणारा मऊ प्राणी) तळव्यावर सरकत हळूहळू जागा बदलते, आणि शिनाणे (कालवासारखाच दोन शिंपांचा जीव) खडकाला धरून ठेवणारे आपले धागे सोडून नव्या जागी पुन्हा बांधून घेऊ शकते. कालवाला ती सोय नाही, कारण त्याची एक शिंपच खडकाला सांधलेली असते.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. मुलीचा पुढचा प्रश्न तयार आहे: सायप्रिडला चांगली जागा सापडलीच नाही तर?

प्रतिसाद १:
ते शोध घेत राहते; साठा संपत आला की अनेकदा कमी पसंतीची जागाही स्वीकारते, आणि तीही मिळाली नाही तर मरते.