चर्चच्या आवारातला यू: झाड आधी की चर्च आधी?

दगडफूल: इंग्लंड-वेल्समधल्या जुन्या पॅरिश चर्चच्या आवारात यू हमखास दिसतो. काळपट हिरवा, सूचिपर्णी, बुंधा पोकळ. माझ्या मते झाड आधीचं, चर्च नंतरचं. पोप ग्रेगरीने 601 मध्ये इंग्लंडला निघालेल्या धर्मप्रसारक मेलिटसला कळवलं होतं की तिथल्या जुन्या धर्माची देवळं पाडू नका, मूर्ती काढा, तीर्थ शिंपडा आणि तिथंच प्रार्थना सुरू करा. वेल्समधली कितीतरी जुनी आवारं गोलाकार आहेत, आणि तिथल्या गावांच्या नावांतलं 'ल्लान' म्हणजे मुळात कुंपण घातलेली जागा. वेल्समधल्याच ल्लानगेर्न्यूच्या चर्चमध्ये हॅलोविनच्या रात्री 'आंगेलिस्टर' नावाचा आत्मा वर्षभरात मरणाऱ्यांची नावं पुकारतो, अशी समजूत आहे. दारात तो प्रचंड यू. हे सगळं चर्चने आणलं म्हणता?

मोजपट्टी: कथा जुनी म्हणून झाड जुनं? ग्रेगरीच्या पत्रात झाडं येतात ती फक्त फांद्यांचे मांडव घालून मेजवानी करा, एवढ्यापुरती. आपल्या देवराईचा चष्मा इथे लावू नका.

वयाचं म्हणाल तर यूचा गाभा कुजतो. वलयं मोजता येत नाहीत, कार्बन चाचणीला सर्वांत जुनं लाकूडच उरत नाही. राहतो घेर. इंग्लंडमधल्या सेलबर्नच्या यूचा घेर तिथल्या निसर्गअभ्यासक गिल्बर्ट व्हाइटने 1789 च्या पुस्तकात 23 फूट दिलाय. 1990 च्या वादळात झाड पडलं तेव्हा तो सुमारे 26 फूट होता. दोनशे वर्षांत 3 फूट, म्हणजे त्रिज्येत वर्षाला जेमतेम 0.7 मिमी. याच दराने मागे गेलं तर 1789 मध्येच झाड दीड हजार वर्षांचं ठरतं. पण तरुणपणी वलयं जाड पडतात, त्यामुळे हा आकडा फुगलेला आहे.

दगडफूल: आणि म्हातारपणी यू वाढ जवळजवळ थांबवतो, मग पुन्हा जोर धरतो, ते? चूक दोन्ही बाजूंना होते.

टाचण: एवढं कशाला? धनुष्यांना लाकूड हवं म्हणून लावले, आणि विषारी म्हणून गुरांपासून दूर, भिंतीच्या आत.

दगडफूल: धनुष्याचं सोडा. 1472 च्या कायद्याने व्यापाऱ्यांना आयात मालाच्या दर टनामागे धनुष्याचे 4 दांडे आणायला लावले. घरचा यू गाठाळ, चांगलं सरळ लाकूड स्पेन-इटलीकडून यायचं.

विषाचं खरं. बीभोवतीचा लाल गर सोडला तर सगळं झाड विषारी, आणि पाला वाळला तरी त्यातलं विष, टॅक्सीन, जात नाही. छाटणीचा ढीग भिंतीपलीकडे टाकला की गुरं दगावतात. पण त्यावरून तो आवारात का लावला हे कळत नाही.

टाचण: बरं, धनुष्य मागे घेतो. पण 1307 चा कायदा बघा: पाद्र्याने आवारातली झाडं तोडू नयेत, कारण ती वाऱ्याचा मारा अडवून चर्च वाचवायला लावलेली असतात. *लावलेली.* शिवाय पाम संडेला, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, पामच्या जागी यूच्याच डहाळ्या चालायच्या.

पानगळ: इंग्लंडमधल्या पेन्सविकच्या चर्चची गोष्ट राहिली. तिथे 99 यू, शंभरावा सैतान जगू देत नाही म्हणे. झाडं बहुतेक अठराव्या शतकातली! तिथला सप्टेंबरातला 'क्लिपिंग'चा विधी लोक झाडांची छाटणी समजतात. तो शब्द जुन्या इंग्रजीतला, अर्थ 'मिठी मारणं'. मुलं हात धरून चर्चला वेढा घालतात.

दगडफूल: पेन्सविक मान्य. पण स्कॉटलंडमधल्या फोर्टिंगॉलचा यू? 1769 मध्ये 52 फूट घेर!

मोजपट्टी: ते निसर्गअभ्यासक बॅरिंग्टनचं माप. त्याच सुमारास दुसरा अभ्यासक पेनंट याने साडेछपन्न सांगितलं. त्याच झाडाच्या दोन मापांत साडेचार फुटांचा फरक, म्हणजे सेलबर्नच्या हिशेबाने तीनशे वर्षं. टेपखाली आयव्हीची वेल, बुंध्यावरच्या गाठी, फुटव्यांचं जाळं आलं की घेर फुगतो. टेप जमिनीपासून किती उंचीवर धरली ते आधी लिहा, मग वयाचं बोलू. आता तर तिथे खोडाचे सुटे तुकडे उरलेत. टेप कशाभोवती गुंडाळणार?