जॉन बोवेन यांनी विधेयकं अडवली, ते बरोबर की चूक?

कलमकसाई
कॅनडात प्रत्येक प्रांतात राजाचा प्रतिनिधी म्हणून लेफ्टनंट गव्हर्नर असतो. आपल्या राज्यपालांचा चुलतभाऊच म्हणा. बहुतेकांची कारकीर्द फिती कापण्यात जाते, अल्बर्टाच्या जॉन बोवेन यांची गेली नाही. बाप्टिस्ट धर्मोपदेशक, पहिल्या महायुद्धात सैन्यातले पाद्री, मग एडमंटनचे नगरसेवक, १९२१ ते १९२६ लिबरल आमदार. मार्च १९३७ मध्ये आधीचे लेफ्टनंट गव्हर्नर प्रिमरोज पदावर असतानाच वारले आणि बोवेन यांची नेमणूक झाली.

सहाच महिन्यांनी, ५ ऑक्टोबरला, त्यांनी अल्बर्टाचे मुख्यमंत्री विल्यम एबरहार्ट यांच्या सोशल क्रेडिट पक्षाच्या सरकारची तीन विधेयकं संमती न देता केंद्राच्या निर्णयासाठी राखून ठेवली. एक बँकांवरच्या कराचं: भरणा झालेल्या भांडवलावर अर्धा टक्का, राखीव निधी आणि न वाटलेल्या नफ्यावर एक टक्का. दुसरं पतपुरवठ्यावर प्रांताचं नियंत्रण आणणारं. तिसरं वर्तमानपत्रांचं: सरकारी मंडळाचा खुलासा मूळ बातमीइतकीच जागा देऊन छापायचा, मागितलं की बातमीचा स्रोत सांगायचा, नाही तर हजार डॉलरपर्यंत दंड आणि अंक बंद करण्याचीही सोय.

माझ्या मते त्यांनी योग्यच केलं. ४ मार्च १९३८ ला कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने तिन्ही घटनाबाह्य ठरवली. अजून काय हवं?

सरळरेघ
निकाल नंतर बाजूने लागला म्हणून आधीची कृती बरोबर ठरत नाही. एबरहार्ट यांना १९३५ मध्ये ६३ पैकी ५६ जागा मिळाल्या होत्या. प्रत्येक प्रौढाला महिना २५ डॉलर ‘लाभांश’ देण्याचं आश्वासन भाबडं होतं, मान्य. पण लोकांनी ते ऐकूनच मतं दिली. समोर कोण? लिबरल पंतप्रधान मॅकेन्झी किंग यांनी नेमलेले माजी लिबरल आमदार.

शिवाय गरजच नव्हती. प्रांताचा कायदा एका वर्षात रद्दबातल करण्याचा अधिकार केंद्राकडे होताच. ऑगस्टमध्ये काय झालं बघा. ६ तारखेला बोवेन यांनी बँकांविषयीच्या तीन कायद्यांना संमती दिली, १७ तारखेला ओटावाने, म्हणजे केंद्राने, तिन्ही रद्द केले. अकरा दिवस! निवडून आलेल्या केंद्र सरकारने केलं, निवडून आलेल्या प्रांताने शिव्या घातल्या, हिशेब सरळ. मग राजप्रतिनिधीने मध्ये हात का घालायचा?

कलमकसाई
ऑगस्टचं उदाहरण तुम्हीच काढलंत, बरं झालं. त्या वेळी बोवेन यांनी महाधिवक्ता (तिथे हाच कायदामंत्री) जॉन ह्युगिल यांना समोरच विचारलं: हे घटनेत बसतं का? ह्युगिल म्हणाले, नाही. एबरहार्ट म्हणाले, जबाबदारी माझी. बोवेन यांनी संमती दिली आणि ह्युगिल यांना राजीनामा द्यावा लागला. ते खातं स्वतः एबरहार्ट यांनी घेतलं. हे शाळेचे मुख्याध्यापक आणि रेडिओवरचे प्रवचनकार, वकील नव्हेत. म्हणजे ऑक्टोबरमध्ये बोवेन यांना सल्ला देणारा कायदामंत्री कोण, तर ज्याची विधेयकं तोच.

शिवाय रद्द झालेला पतपुरवठ्याचा कायदाच शब्द बदलून परत आला होता. ‘बँक’च्या जागी ‘पतसंस्था’. असं दर दोन महिन्यांनी चालू द्यायचं? केंद्राने रद्द करेपर्यंत कायदा लागू असतो, त्या काळात वर्तमानपत्रांवर दंड बसू शकतो. राखून ठेवलेलं विधेयक मात्र लागूच होत नाही. कॅनडाच्या घटनेच्या कलम ९० नुसार वर्षभरात संमती आली नाही तर ते आपोआप मरतं.

तिसराबाक
दोघंही सहीवर अडलात. मला त्यापुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते.

लेफ्टनंट गव्हर्नरला नेमतं केंद्र, पगारही केंद्राचा, आणि पाच वर्षांच्या आत सबळ कारण लेखी दिल्याशिवाय काढता येत नाही (कलम ५८ ते ६०). म्हणून एबरहार्ट बोवेन यांना हात लावू शकत नव्हते. पण बंगला, सचिव, गाडी हा खर्च प्रांताच्या अंदाजपत्रकातला. निकालानंतर विधानसभेने तो मंजूरच केला नाही. बोवेन एडमंटनचं गव्हर्नमेंट हाऊस सोडेनात, तेव्हा वीज, फोन, हीटिंग तोडलं. मे १९३८ मध्ये ते हॉटेल मॅकडोनाल्डमध्ये राहायला गेले. १९४२ मध्ये बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला. सरकार बडतर्फ करण्याचा विचार त्यांनी केला होता, पण केलं नाही. केलं असतं तर निवडणूक घ्यावी लागली असती आणि एबरहार्ट बहुधा परत आले असते. १९४० मध्ये जागा घटूनही आलेच.

आपल्याकडे हे घडू शकत नाही. कलम २०२ नुसार राज्यपालांचं वेतन आणि कार्यालयाचा खर्च राज्याच्या एकत्रित निधीवर ‘भारित’ असतो, त्यावर मतदानच होत नाही. मलबार हिलवरचे दिवे विधानसभेला मालवता येणार नाहीत. उलट आपल्या राज्यपालांना राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंतच पद; बोवेन यांना असलेलं पाच वर्षांचं संरक्षण त्यांना नाही. आणि कलम २०१ मध्ये राखून ठेवलेल्या विधेयकाला त्या एका वर्षासारखी मुदत लिहिलेली नाही.

सरळरेघ
भारित खर्चाचा मुद्दा पटला. बंगला काढून घेणं हा कोतेपणा होता, यावर वाद नाही.

पण परंपरा कशी उलटते ते पाहा. १९६१ मध्ये सस्कॅचवनचे फ्रँक बास्टेडो यांनी खाणकरारांविषयीचं विधेयक ओटावाला न विचारता राखून ठेवलं. पंतप्रधान डीफेनबेकर यांनी लोकसभेत सांगितलं की आमच्याशी सल्लामसलत झालीच नव्हती. केंद्राने संमती देऊन टाकली. तेव्हापासून कॅनडात एकही विधेयक राखलं गेलेलं नाही. बोवेन यांची ‘बरोबर’ कृतीच पुढच्याला असं धाडस देते.

कलमकसाई
बास्टेडो यांच्यापुढे प्रश्न धोरणाचा होता, बोवेन यांच्यापुढे अधिकारक्षेत्राचा. बँकिंग आणि चलन कलम ९१ नुसार निव्वळ केंद्राचं. बँक विधेयकाने आधीच्या सुमारे १,४०,००० डॉलरवर वर्षाला २० लाखांहून जास्त बोजा टाकला असता. त्याला कर म्हणणं ही थट्टा आहे, तो बँका हाकलण्याचा मार्ग होता. न्यायालयाने त्याच दिवशी दुसऱ्या निकालात राखून ठेवण्याचा अधिकारही शाबूत असल्याचं सांगितलं.

तिसराबाक
वर्तमानपत्रांच्या विधेयकाबाबत मात्र सावध. ते मुख्यतः पडलं ते एबरहार्ट यांच्या योजनेचा मूळ सोशल क्रेडिट कायदा पडला म्हणून, कारण ते त्यालाच टेकलेलं होतं. वृत्तपत्रस्वातंत्र्यावर डफ, डेव्हिस आणि कॅनन या तीनच न्यायमूर्तींनी लिहिलं. एडमंटन जर्नल या वर्तमानपत्राला १९३८ मध्ये पुलित्झरची खास पाटी मिळाली ती याच लढ्यासाठी. बोवेन यांना मिळाली हॉटेलातली खोली. तरी ते १९५० पर्यंत, जवळजवळ तेरा वर्षं पदावर राहिले. एबरहार्ट १९४३ मध्येच गेले.