बॅटची मूठ बोचते, फोरहँडला जोर पण लागत नाही. रविवारी मॅच आहे, लवकर सांगा

सातरस्ता_स्मॅशर: अर्धा तास खेळलं की अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात साल निघते. घामानं मूठ घसरते म्हणून आवळून धरतो, मग फटका मेल्यासारखा जातो. दुकानदार म्हणतो नवीन घ्या. घेणार नाही, तीन महिने पण झाले नाहीत. ग्रिपचं काय करू तेवढं सांगा.

मैदानावर: जुनी रबर ग्रिप कापून टाक, ग्रिप चढवायच्या कोनवरून नवी चढव. आत थोडी पावडर मार.

शटल_४१३: जी-४ आहे की जी-५? आकडा मोठा तेवढी मूठ बारीक, उलटं असतं ते.

सातरस्ता_स्मॅशर: टीटी ओ, टीटी! टेबल टेनिस.

मैदानावर: मग तसं लिही की बे. बॅट म्हटल्यावर मी क्रिकेटचीच समजलो.

टेबल_दोन: मूठ सरळ की खाली पसरट? वर काही गुंडाळलंय का?

सातरस्ता_स्मॅशर: पसरट. बॅडमिंटनची ओव्हरग्रिप, म्हणजे मुठीवर गुंडाळायची पट्टी, गुंडाळलीय. पहिली काळी पडली म्हणून तिच्यावरच दुसरी.

टेबल_दोन: हे आधी सांगायचं ना! दोन्ही काढा. मुठीकडं वजन वाढलं की पातं हलकं लागतं, निम्मा जोर तिथंच गेला. साल निघते ती मुठीमुळं नाही, मुठीच्या वर पात्याचा जो खांदा असतो त्याच्या धारेमुळं. पात्यावरच्या रबराच्या कडेला चिकटपट्टी लावा, १८० नंबरचा पॉलिश पेपर बोटाभोवती गुंडाळून फक्त तेवढीच धार गोल करा, मग ४०० नंबरच्या पेपरनं गुळगुळीत. दहा वेळा घासलं की बॅट हातात धरून बघा. घासलेलं लाकूड परत येत नाही.

शटल_४१३: तीन महिन्यांच्या बॅटला पॉलिश पेपर? वेडे आहात का? बोटाला मेडिकल टेप लावा, विषय संपला.

टेबल_दोन: टेप घामानं दुसऱ्या गेमला सुटतो. मी स्वतःच्या दोन बॅटी घासल्यात, अजून खेळतोय.

जुना_चॉपर: आमच्या काळी मुठीचं कौतुकच नव्हतं. सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन रबराखाली लावायचं, चेंडू बंदुकीच्या गोळीसारखा! २००८ मध्ये असल्या सोल्युशनवर बंदी आली आणि मजा गेली.

टेबल_दोन: काका, त्यानं रबराचं विचारलंच नाही.

जुना_चॉपर: जोर विचारलाय ना? मग एक ऐक पोरा. मूठ चिमणी धरल्यासारखी सैल धर, चेंडू लागताना तेवढी आवळ. जोर पायातून न् कमरेतून येतो. आणि घामाला ओव्हरग्रिप कशाला, आपल्या सोलापुरात टॉवेलला काय तोटा? सहा-सहा पॉइंटला टॉवेल घ्यायला नियमानंच मिळतो.

सातरस्ता_स्मॅशर: दोन्ही थर काढले. आतली मूठ ओलीच होती, वास मारत होती. खांदा घासला, तर्जनीच्या बाजूला जरा जास्तच गेला, पण बोचायचं थांबलं. काल तासभर खेळलो, साल नाही. आवळून धरायची सवय मात्र जाईना.

मैदानावर: काका, टेरी टॉवेल स्वस्तात कुठं मिळतील? पाहुण्यांच्या लग्नात आहेराला पन्नास लागतात.

जुना_चॉपर: अशोक चौकाकडं ये, दाखवतो. येताना बॅट आण.