मालागात अडीच दिवस: दोन्ही किल्ले, पिकासो आणि कामिनितो देल रेय बसेल का?

खडीसाखर
ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात स्पेनमधल्या मालागाला जातोय. शनिवारी दुपारी विमानतळावर उतरणार, सोमवारी रात्री माद्रिदची गाडी. सोबत आईबाबा, दोघंही सत्तरीचे. बाबांचे गुडघे कुरकुरतात. आल्काथाबा आणि वरचा हिब्राल्फारो हे दोन किल्ले, पिकासो म्युझियम आणि कामिनितो देल रेय (दरीच्या कड्यालगतची पायवाट) एवढं करायचं मनात आहे. आई शुद्ध शाकाहारी, अंडंही चालत नाही. कुठे गडबड होईल ते आधीच सांगा.

दर्यावर्दी
गडबड वारांची आहे. कामिनितो सोमवारी बंद, रोमन थिएटरही सोमवारी बंद. आताराथानास मंडई रविवारी बंद आणि इतर दिवशी दुपारी तीनच्या आत आवरते. तुमचा सोमवार १२ ऑक्टोबर असेल तर ती राष्ट्रीय सुट्टी, म्हणजे मंडई विसराच.

किल्ल्यांचं नीट समजून घ्या, कारण बहुतेक जण इथेच फसतात. दोन्हींचं एकत्र तिकीट मिळतं आणि नकाशावर दोघांना जोडणारी तटबंदी दिसते. त्यावरून वाटतं की आतूनच वर जाता येईल. तशी वाट नाही. आल्काथाबातून खाली रस्त्यावर उतरायचं आणि बाहेरच्या चढाने पुन्हा वर जायचं. चढ तसा अर्ध्या तासाच्या आतला, पण उभा, आणि फरशी झिजून गुळगुळीत झालेली. बाबांना तिथून नेऊ नका. पासेओ देल पार्केवरून ३५ नंबरची बस थेट हिब्राल्फारोच्या दाराशी जाते. उतरतानाही तीच घ्या, गुडघ्यांना उतारच जास्त छळतो.

आल्काथाबाला महापालिकेच्या इमारतीमागे, गियेन सोतेलो रस्त्यावर लिफ्ट आहे. ती राजवाड्याच्या भागाजवळ सोडते, खालचे वळणावळणाचे दरवाजे टळतात. पण खरं सांगायचं तर या किल्ल्याची गंमत त्या दरवाज्यांतच आहे. शत्रूला सरळ धावता येऊ नये म्हणून काटकोनात वळवलेल्या वाटा, आणि मध्येच खालच्या रोमन थिएटरमधून उचललेले खांब. म्हणून वर लिफ्टने जा आणि गुडघे साथ देत असतील तर दरवाज्यांमधून सावकाश उतरा. दीड तास धरा.

रविवारी दुपारी दोननंतर दोन्ही किल्ले फुकट असतात, त्यामुळे रांग लागते. आईवडील सोबत असताना तिकिटाचे पैसे वाचवायला उन्हात उभं राहण्यात अर्थ नाही. सकाळी उघडताच पैसे देऊन जा. रोमन थिएटर आल्काथाबाच्या पायथ्याशीच आहे आणि नेहमीच मोफत. १९५१ पर्यंत ते जमिनीखाली गाडलेलं होतं.

घाटवाट
कामिनितोबद्दल: वारांच्या हिशेबाने फक्त रविवार उरतो, आणि तो अख्खा जातो. एकूण वाट सुमारे ७.७ किलोमीटर. ती उत्तरेकडून दक्षिणेकडे एकाच दिशेने, म्हणजे अर्ध्यातून परतता येत नाही. शेवटी, दक्षिण टोकाच्या एल चोरो गावाकडे, भरपूर पायऱ्या आहेत. बाबांना अजिबात नेऊ नका.

तुम्ही एकटे जाणार असाल तर: मालागाच्या मुख्य रेल्वे स्टेशनवरून, म्हणजे मारिया थांब्रानोवरून, एल चोरोची गाडी. ती लोकल नव्हे, दिवसातून मोजक्याच असतात, म्हणून आधी गाडी बघा आणि मग प्रवेशाची वेळ निवडा. एल चोरोला उतरून शटल बसने उत्तर बाजूला जायचं, वीसेक मिनिटं. बस सोडते तिथून नियंत्रण चौकीपर्यंत बोगद्याच्या वाटेने दीड किलोमीटर, दुसऱ्या वाटेने २.७. हे चालणं लोक हिशेबात धरत नाहीत आणि वेळ चुकते. प्रवेशाच्या किमान सव्वा तास आधी एल चोरोत असा. पासपोर्ट जवळ ठेवा, हेल्मेट तिथे देतात, मोठी सॅक नेऊ देत नाहीत. वारा जोराचा असला की वाट बंद करतात. तिकिटं खूप आधी संपतात; संपली तर गाईडसोबतच्या फेरीचा कोटा वेगळा असतो, तो तपासा.

खडीसाखर
मग कामिनितो रद्द. पिकासो कधी ठेवू? आणि जेवणाचं?

वांग्याचंभरीत
पिकासो म्युझियम रविवारी बंद व्हायच्या आधीचे दोन तास मोफत, पण रांग सान आगुस्तिन गल्लीभर जाते. सोमवारी सकाळी तिकीट काढून शांतपणे बघा. पिकासोचं प्रसिद्ध चित्र ‘गेर्निका’ इथे नाही, ते माद्रिदला रेइना सोफिया संग्रहालयात आहे. विचारणारे बरेच असतात. पिकासोचं जन्मघर प्लाझा दे ला मेर्सेद चौकात, पाच मिनिटांवर.

आईंसाठी: आखोब्लांको म्हणजे बदाम, पाव, लसूण, ऑलिव्ह तेल आणि व्हिनेगर यांचं थंडगार सार, वर द्राक्षं. वांग्याच्या तळलेल्या कापांवर काकवी, ‘बेरेन्हेनास कोन मिएल दे कान्या’. पिठात अंडं आहे का ते विचारा. पोर्रा आणि साल्मोरेखो ही घट्ट थंड सारं दिसायला निव्वळ टोमॅटोची, पण वर उकडलेलं अंडं आणि हॅम भुरभुरतात. ‘सिन हामोन, सिन उएवो’ (हॅम नको, अंडं नको) म्हणा. क्रोकेता (तळलेले क्रोकेट) टाळा, आत बहुधा हॅमच असतो. तोर्तिया म्हणजे इथे अंड्याचा पोळा, मक्याची पोळी नव्हे. दुपारचं जेवण दोन ते चार, रात्रीचं साडेआठनंतर. मधल्या वेळेत बरीच स्वयंपाकघरं बंद असतात, पिशवीत काहीतरी ठेवा. कॉफी दुधाळ हवी तर ‘नूबे’ मागा: ढगाएवढं दूध, थेंबभर कॉफी.

दर्यावर्दी
सामानाचं राहिलं. विमानतळावरून सी-१ लोकल दर वीस मिनिटांनी, शहराच्या मध्यातल्या सेंत्रो-आलामेदा स्टेशनला बाराएक मिनिटांत. फुएनखिरोलाची पाटी असलेली गाडी उलट जाते. सोमवारी बॅगा मारिया थांब्रानोच्या लॉकरमध्ये टाका. माद्रिदच्या गाडीआधी बॅगांची तपासणी असते, म्हणून अर्धा तास हाताशी ठेवा.