टेक्सास: अंगण उकरणाऱ्या आर्माडिलोचं काय करायचं?

बॅस्ट्रॉपकर
दोन एकर जागा, रेताड जमीन. सेंट ऑगस्टिन गवताच्या हिरवळीत रोज सकाळी पंधरा-वीस नवे खड्डे, आर्माडिलोचे (अंगावर कवच असलेला लहान प्राणी). एसीच्या चौथऱ्याखाली बीळही आहे, तोंड साधारण ८ इंच. डांबरगोळ्या झाल्या, लाल तिखट झालं, फरक शून्य. पिंजऱ्यात केळं ठेवलं तर रकून (इथला मांजराएवढा रानटी प्राणी) अडकला. आता काय?

खुरपं_फावडं
केळं ठेवलं तर रकूनच येणार! आर्माडिलो जमिनीतले किडे वास घेऊन उकरून खातो, आमिषाला सहसा भुलत नाही. आधी खड्डे नीट बघा. निमुळते, ३ ते ५ इंच रुंद, १ ते ३ इंच खोल आणि तळाशी नाक खुपसल्यासारखी खूण असेल तर तोच. नांगर फिरवल्यासारखी अख्खी पट्टी उलटली असेल तर रानडुक्कर, त्याला पुढचे उपाय चालत नाहीत.

पिंजरा १०×१२×३२ इंचांचा तरी हवा. त्याची नजर अधू असते, भिंतीच्या कडेकडेने चालतो, त्याचाच फायदा घ्यायचा. पिंजरा बिळाच्या वाटेवर किंवा कुंपणाला लागून ठेवा. दाराच्या दोन्ही बाजूंना ६ फूट लांब, ६ इंच रुंद फळ्या आडव्या कडेवर उभ्या करून नरसाळ्यासारख्या लावा, रुंद तोंड त्याच्या येण्याच्या दिशेला. फळ्या हलल्या तर तो खालून उकरून निघून जातो, म्हणून खुंट्या ठोका. पिंजऱ्याच्या तळाशी तिथलीच माती पसरा, पायाला जाळी लागली की तो मागे फिरतो. आधी आर्माडिलो सापडलेला, न धुतलेला (त्याचा वास टिकलेला) लाकडी पिंजरा मिळाला तर सोन्याहून पिवळं.

संध्याकाळी लावा, सकाळी लवकर बघा. उन्हाळ्यात ऊन चढेपर्यंत राहिला तर आतच मरतो. पकडल्यावर कुठे सोडायचा हे आधी काउंटीच्या (जिल्ह्याच्या) गेम वॉर्डनला, म्हणजे वन्यप्राण्यांचे नियम बघणाऱ्या अधिकाऱ्याला, विचारून ठेवा. परस्पर दुसऱ्याच्या रानात नेऊन टाकू नका.

डांबरगोळ्या गोळा करून घ्या. पाकिटावर लिहिलेल्या वापराशिवाय त्या इतरत्र टाकणं अमेरिकेत बेकायदा आहे.

मातीचे_पाय
चौथऱ्याखालचं बीळ आधी हातात घ्या. पोकळी वाढली की पावसाचं पाणी आत शिरून माती वाहते आणि चौथरा एका बाजूला खचतो. पण घाईने बुजवू नका. तोंडात वर्तमानपत्राचे बोळे सैल कोंबा. हवा बरी असताना तीन-चार दिवस बोळे जागचे हलले नाहीत तरच बीळ रिकामं समजा. मार्च-एप्रिलमध्ये जास्त सांभाळून, आत पिल्लं असू शकतात (एका वेळी चार, चौघंही एकसारखी).

मग माती थरथराने धुमसून भरा आणि चौथऱ्याभोवती गॅल्व्हनाइज्ड जाळी १८ इंच खोल पुरा. नुसती माती भरली तर त्याच मऊ जागी पुन्हा उकरेल. बागेला कुंपण घालायचं तर जमिनीवर २४ इंच, किंचित बाहेर झुकतं. तो चढतोही बऱ्यापैकी.

बॅस्ट्रॉपकर
धन्यवाद. हुमणीचं (गवताची मुळं खाणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीचं) औषध मारलं तर येणंच थांबेल का?

खुरपं_फावडं
कमी होईल, थांबेलच असं नाही. गांडुळं, मुंग्या, भुंगेरेही तो खातो. आधी मोजा: एक चौरस फूट हिरवळ ४ इंच खोल उचलून पाहा. पाचाहून जास्त हुमण्या दिसल्या तरच औषध, तेही उन्हाळ्यात अळ्या लहान असताना. ऑक्टोबरात मोठ्या झालेल्या अळीला ते फारसं लागत नाही. त्याआधी रोजचं पाणी बंद करा, भिजलेली मऊ जमीन त्याला आयती मिळते.

मातीचे_पाय
एक राहिलं. उघड्या हाताने धरू नका. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या काही आर्माडिलोंमध्ये कुष्ठरोगाचे जंतू असतात आणि ते माणसात येतात, हे २०११ मध्ये जनुकीय तपासणीतून दिसलं. धोका कमी, औषधही आहे, पण मेलेला उचलतानाही जाड हातमोजे आणि फावडं हवंच.