मदत हवी आहे : १९१९ ते १९२१ मधील रुपया-पौंड हुंडणावळीचे (विनिमयाचे) मासिक दर

मुंबईतील एका जुन्या आयात पेढीची खातेवही अभ्यासत असताना, विलायतेहून आलेल्या मालाच्या नोंदी "८६ पौंड, १० शिलिंग, ४ पेन्स" अशा केवळ पौंडातच आढळल्या (पौंडाचे २० शिलिंग, शिलिंगाचे १२ पेन्स). रुपयांचा रकाना कोरा आहे. १९१७ पूर्वीच्या नोंदींना रुपयास १ शिलिंग ४ पेन्स, म्हणजे पौंडास १५ रुपये, आणि १९२७ नंतरच्या नोंदींना १ शिलिंग ६ पेन्स हा दर लावता येतो. अडचण मधल्या काळाची, विशेषतः १९१९ ते १९२१ ची, आहे. रुपयाचे नाणे चांदीचे असल्याने चांदी महागताच १९२० च्या आरंभी रुपया २ शिलिंगांच्याही वर गेला आणि १९२१ मध्ये १ शिलिंग ४ पेन्सांखाली घसरला, त्यामुळे वार्षिक सरासरी लावणे हा निव्वळ अंदाजपंचे कारभार ठरतो. मुंबईतील सोन्याच्या भावावरून दर काढून पाहिला. परंतु सोन्याच्या आयातीवर १९२० च्या मध्यापर्यंत सरकारी निर्बंध असल्याने तो भरवशाचा वाटत नाही. नोंदींवर माल पोचल्याची तारीख आहे, हुंडी (मालाच्या रकमेचा लेखी देयक-आदेश) चुकती केल्याची नाही. इंग्रजी साधने चालतील आणि मुंबईतील ग्रंथालयांत जाणेही शक्य आहे. सशुल्क संग्रह मात्र परवडणार नाहीत. मुंबईतील मासिक, शक्य तर साप्ताहिक, दर नेमक्या कोणत्या प्रकाशनात मिळतील, आणि अशा नोंदींसाठी तारेने रक्कम पाठवण्याचा दर धरावा की दर्शनी हुंडीचा, म्हणजे दाखवताच चुकवायच्या हुंडीचा?