प्रायोगिक लघुपटाविषयीची अढी आणि 'मॉथलाइट'

प्रश्न:
प्रायोगिक लघुपट म्हटला की माझ्या मनात आधीपासूनच अढी असे. काल मित्राच्या आग्रहाखातर स्टॅन ब्रॅकेज यांचा १९६३ सालचा 'मॉथलाइट' पाहिला. जेमतेम चार मिनिटांचा; त्यात ना ध्वनी, ना कथा, ना पात्रे. सुरुवातीला पडद्यावर नुसती तपकिरी फडफड दिसत होती आणि हा कधी संपतो याची मी वाट पाहत होतो. मग एका पंखावरची शीर ओळखू आली, पाठोपाठ गवताचे पाते सरसरत गेले आणि त्यानंतर नजर हटली नाही. संपल्यावर लगेच आणखी दोनदा पाहिला. ही फडफड नेमकी कशी साधली आहे आणि यानंतर काय पाहावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १:
हा लघुपट कॅमेऱ्याविना तयार झाला आहे. दिव्यावर झेपावणाऱ्या पतंगांचे पंख, पाकळ्या आणि गवताची पाती ब्रॅकेज यांनी पारदर्शक चिकटपट्ट्यांमध्ये दाबून बसवली आणि त्यावरून फिल्मची प्रत काढली. एरवी फिल्मच्या प्रत्येक चौकटीत स्वतंत्र चित्र असते. इथे मात्र वस्तू चौकटींची पर्वा न करता सलग पसरलेली आहे. १६ मिलिमीटर फिल्मची चौकट सुमारे साडेसात मिलिमीटर उंच असते. त्यामुळे दोन सेंटिमीटरचा पंख अडीच-तीन चौकटी व्यापतो आणि सेकंदाला २४ चौकटी धरल्या तर एक दशांश सेकंदात निघून जातो, तर बोटभर लांब पाते त्याच्या तिपटीहून अधिक वेळ टिकते. तुम्हाला खिळवून ठेवणारी लय वस्तूंच्या लांबीतूनच आली आहे. मेलेल्या पतंगाला प्रोजेक्टरच्या दिव्यासमोर पुन्हा फडफडायला मिळते, ही कल्पना मला आजही हेलावून टाकते.

प्रतिसाद २:
वरील माहिती मोलाची आहे, पण ती तुम्हाला आधी मिळाली नाही हे बरे झाले, असे मला वाटते. ती शीर तुमची तुम्हाला सापडली, म्हणून तर तो आनंद झाला. प्रत्येक प्रायोगिक लघुपट असा भेटेल असे नाही. कित्येक मलाही अर्ध्यात सोडावे लागले आहेत. तरी ख्रिस मार्कर यांचा १९६२ सालचा 'ला जते' अवश्य पाहा. तो सुमारे २८ मिनिटांचा असून जवळजवळ संपूर्णपणे स्थिरचित्रांचा आहे, सोबत निवेदन आहे. 'जवळजवळ' का म्हटले, ते सांगत नाही. त्याविषयी काहीही न वाचता पाहा.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. आज 'ला जते' पाहिला. ती जागा आली तेव्हा आपल्यालाच भास झाला असे वाटले, म्हणून मागे जाऊन पुन्हा पाहिले, आणि खरेच तसे घडते याची खात्री झाल्यावरच पुढे गेलो.